आप्पांची शनिवारची हाजिरी

आप्पा लग्नाला आले की यजमानाला घाम फुटायचा. पंगत बसली, ताटं वाढून झाली, की हे पंगतीच्या मधोमध उभे राहायचे आणि हाजिरी घ्यायचे. खरोखरची हाजिरी. एकेकाचं नाव पुकारायचं आणि त्यानं पाटावरून "हाजिर" म्हणायचं. एकदा ह्या प्रकारातून असं निघालं की नवरदेवाचा सख्खा चुलताच पंगतीत नाही. मानपानावरून रुसून तो एसटी स्टँडवर जाऊन बसला होता. त्याला समजूत घालून आणेपर्यंत आप्पांनी कुणाला घास उचलू दिला नाही. भात गार झाला, पोरं रडायला लागली, वरमाई आप्पांच्या नावानं बोटं मोडत राहिली. आप्पा शांतपणे म्हणाले, "मोजलेलं मानूस हरवत न्हाय. आता जेवा."

हे गृहस्थ आमदार होते. आमच्या जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू तालुक्याचे. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण त्यांचे नातू अजून तिथं नांदतात आणि आजोबांसारखेच न कळवता घरी येतात. आमदारकीच्या आधी आप्पा तोफखान्यात हवालदार होते. पलटण सुटली पण पलटणीतल्या दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत, एक हाजिरी आणि दुसरे बूट. पांढरं धोतर, वर नेहरू शर्ट, शर्टावर फौजी पट्टा, डोक्यावर टोपी आणि खाली ते काळे बूट. चालायला लागले की फरशीला कळायचं कोण येतंय.

तोफांनी त्यांचा डावा कान नेला होता. म्हणजे ते तसं सांगत. विधानसभेत सरकारी बाकांवर बसलं की अध्यक्ष डाव्या हाताला येतात. त्यामुळं पाच वर्षांत अध्यक्षांचा एक शब्द आपल्या कानावर पडलेला नाही, असं ते खुशीत सांगायचे. "म्हनून तर आमचं कदी वाजलं न्हाय की." मला मात्र ह्या कानाचा संशय होता. आमच्या ऑफिसात शिपाई चाचानं मागच्या खोलीत चहा गाळायला घेतला की तो आवाज आप्पांना ह्याच कानानं बरोबर ऐकू यायचा.

मी तेव्हा सोलापुरात माजी सैनिकांच्या सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. निवृत्त शिपायांचं पेन्शन, लढाईत गेलेल्यांच्या बायकांचे कागद, पोरांच्या फीची सवलत, कुणाला कुठं वॉचमनची नोकरी, अशी सगळी कामं आमच्याकडं. एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि तिचे कागद अजून येतच होते. साहेब म्हणजे एक निवृत्त मेजर, फार सज्जन आणि त्यामुळं निरुपयोगी. एक हेडक्लार्क, एक क्लार्क, मी, आणि शिपाई चाचा. चाचाचं सगळं बोलणं दखनीत आणि सगळी मतं ठाम.

दर शनिवारी अर्ध्या दिवसाच्या ऑफिसला आप्पा पहिल्या एसटीनं यायचे. व्हरांड्यात लोक आधीच जमलेले असायचे. कुणी करमाळ्याहून, कुणी मंगळवेढ्याहून, कुणी पार अक्कलकोटच्या पलीकडून, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलणारे. आप्पा होल्डॉल खाली ठेवायचे आणि हाजिरी सुरू. नाव, गाव, काम. ज्याचं नाव पुकारलं त्यानं टाचा जुळवून "हाजिर" म्हणायचं आणि आपलं काम तोंडानं सांगायचं. आप्पा ते ऐकून आत यायचे, संबंधित टेबलासमोर उभे राहायचे आणि काम होईपर्यंत हलायचे नाहीत. अर्ज नाही, नोंद नाही. "कागद वाऱ्यानं उडतोय. मानसाला पुकारायचं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. दुपारी दीडपर्यंत व्हरांडा रिकामा व्हायचा आणि मग आप्पा होल्डॉलमधून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढून सगळ्या ऑफिसला वाटायचे.

माझ्या पहिल्याच शनिवारी त्यांनी आमचीही हाजिरी घेतली. माझं नाव आलं. मी म्हटलं, "आहे."

"आहे न्हाय बाई. हाजिर म्हनायचं."

"मी काय पलटणीत आहे का?"

"कचेरीत हाय की."

"कचेरीत मस्टर आहे. त्यावर सही केलीये मी."

चाचानं तोंडावर फडका धरला. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. त्यानंतर दर शनिवारी ते माझं नाव घ्यायचे, मी "आहे" म्हणायची आणि ते निमूट पुढं जायचे. मी हट्टी होते. अजूनही आहे.

हट्टीपणा मला परवडत होता तो नोकरीच्या जिवावर. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू बोलणारं. वडील मागावर चादरी विणायचे. आमच्यात मामाच्या मुलाशी लग्न म्हणजे सर्वांत सोयीचं लग्न, आणि माझा मामा भिवंडीला होता. मुलगा वाईट नव्हता. पण एकदा घरी आला होता तेव्हा त्यानं मला सुताचे प्रकार समजावून सांगितले, दुपारच्या जेवणापासून संध्याकाळच्या चहापर्यंत. अम्माचं म्हणणं स्पष्ट होतं : नोकरी आहे तोवर थांबू, नोकरी गेली की भिवंडी. म्हणून मी टाइपरायटरला रोज तेल घालायची.

त्या वर्षी दुष्काळ नुकताच सरला होता आणि सरकारला काटकसरीचा झटका आला होता. मुंबईहून एक तपासणी अधिकारी आले. ते आले मंगळवारी. मंगळवारी आमच्या व्हरांड्यात मांजर असायचं, तेही झोपलेलं. त्यांनी आवक कागदांची बारनिशी मागितली. बारनिशी म्हणजे ऑफिसात आलेला प्रत्येक कागद चढवायची वही. ती उघडून त्यांनी पानं उलटली, मागं उलटली, पुन्हा पुढं उलटली. कागदच नव्हते, तर चढवणार काय? महिन्याभरात हुकूम आला. ह्या कचेरीत काम नाही. नव्या आर्थिक वर्षापासून टायपिस्ट आणि शिपाई ही दोन पदं रद्द, आणि बाकीचं बरंचसं काम पुण्याहून पाहिलं जाईल.

मी तो हुकूम शनिवारी आप्पांच्या हातात दिला आणि त्यांना बारनिशीची गोष्ट सांगितली. सांगताना मला राग आवरला नाही. "आप्पा, एकेकाला अर्ज लिहायला लावला असता तर ही वेळ आली असती का? तुमची ती हाजिरी आम्हाला नडली."

आप्पा व्हरांड्यातल्या बाकावर बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. म्हणाले, "म्हंजी म्याच मारली की तुमच्या पोटावर."

मला तेव्हा वाईट वाटलं. पण बोललेले शब्द काही मी परत घेतले नाहीत.

बजेटचं अधिवेशन तोंडावर होतं. आप्पा म्हणाले, मी सभागृहात बोलतो. हे ऐकून साहेबांनी हातातला चहा खाली ठेवला, कारण आप्पा सभागृहात कधीच बोलले नव्हते. शिवाय ते सरकारी पक्षाचे. पक्षप्रतोदानं त्यांना बजावलं होतं की खात्याच्या खर्चाच्या मागणीला पाठिंबा द्या आणि खाली बसा, नाहीतर पुढचं तिकीट विसरा. आप्पा म्हणाले, तो डाव्या बाजूनं बोलत होता, मला नीट ऐकू आलं नाही.

मग मी भाषण लिहून दिलं आणि तालीम सुरू झाली. शनिवारी काम आटोपलं की व्हरांड्यात विधानसभा भरायची. चाचा उंच स्टुलावर बसून अध्यक्ष. त्याच्यासमोर साहेबांच्या टेबलावरची घंटी. मी मंत्री. पेन्शनर म्हणजे सभागृह, आणि त्यांनी आपसात ठरवून अर्ध्यांनी विरोधी पक्षात जायचं मान्य केलं होतं. आप्पा उभे राहायचे, पट्टा नीट करायचे आणि म्हणायचे, "अध्यक्ष महाराज." संपलं. पुढं शब्द नाही.

"आगे बोलो ना आप्पासाब," चाचा स्टुलावरून ओरडायचा, "नै तो मैं घंटी मारतूं!"

"मार की," आप्पा कळवळून म्हणायचे. घंटी वाजली की ते सुटल्यासारखे खाली बसायचे. तीन शनिवार तालीम झाली आणि तीन शनिवारांत आप्पा दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचले. मी घरी भिवंडीच्या हवापाण्याची चौकशी केली.

एक काम मात्र मी केलं. त्या तीन शनिवारी जे लोक आले त्यांची यादी टाइप केली. नाव, गाव, काम. ही भाषणाला जोडायची, म्हणजे निदान मंत्र्यांच्या टेबलावर तरी पडेल. यादी सुबक झाली, समास सरळ, एक खाडाखोड नाही. अशा नीटनेटक्या कागदाखाली टायपिस्टनं आपलं नाव घालावं एवढा गर्व मला तेव्हा होता. ते मी घातलं. शेवटची ओळ, "टंकलेखिका", आणि पुढं माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

आप्पा हटून बसले की मी बरोबर यायचंच. कागद वर-खाली झाले तर लावणार कोण? साहेब घाबरले. सरकारी नोकरानं आपल्याच पदासाठी आमदार गाठणं म्हणजे शिस्तभंग. शेवटी मी किरकोळ रजेचा अर्ज टाकला, कारण "मावशीकडे कार्य". मला मावशी नाही. साहेबांना ते माहीत होतं. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "कार्य नीट पार पाडा."

यादीतली डझनभर माणसं आणि आम्ही दोघं गाडीनं निघालो आणि सकाळी बोरीबंदरला उतरलो. आप्पांनी प्लॅटफॉर्मवर हाजिरी घेतली. हमाल थांबून बघत होते. मग दोन-दोनच्या रांगेत पायी कौन्सिल हॉल, विधानसभा तेव्हा तिथं भरायची. एक पाय गेलेला ज्ञानोबा कुबडीवर होता, तरी रांग मोडली नाही. आमच्यात शेवंताबाई होती. एकाहत्तरला नवरा गेला तेव्हापासून ती पेन्शनच्या कागदासाठी खेटे घालत होती. बाकीचे तिला नवऱ्याच्या नावानं हाक मारत, आप्पा मात्र हाजिरीत तिचंच नाव पुकारायचे.

गॅलरीत बसायच्या आधी मार्शलनं दम भरला. बोलायचं नाही, उभं राहायचं नाही, खोकला आला तर बाहेर. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुपारी आप्पांचं नाव आलं. ते उभे राहिले, पट्टा नीट केला. "अध्यक्ष महाराज."

आणि थांबले. मी वरून बघत होते. समोरच्या बाकांवरून कुणीतरी हसलं, मग चार-सहा जण हसले. आप्पांनी माझं भाषण उलटं करून बाकावर ठेवलं.

"अध्यक्ष महाराज, चूक माझी हाय. ह्या कचेरीत मानसं येत न्हाईत, असं सरकार म्हनतंय. मी त्येंना अर्ज लिव्हू दिलं न्हाईत, म्हनून वहीत न्हाईत. पन मानसं हायती." त्यांनी हातातला दुसरा कागद वर धरला. ती यादी होती. "शिपाई ज्ञानोबा. गाव करमाळा. काम, तुटल्याल्या पायाचं पेन्शन."

माझ्या शेजारी कुबडी आपटली. ज्ञानोबा ताठ उभा. "हाजिर साब!"

हे काही ठरलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. इतक्या वर्षांची सवय. आप्पांनी नाव पुकारलं की ह्या माणसांच्या टाचा आपोआप जुळायच्या. मार्शल धावत आला आणि ज्ञानोबाला बाहेर घेऊन गेला. अध्यक्षांनी घंटी वाजवली. आप्पांच्या डाव्या बाजूला.

"लान्सनाईक महिबूब. गाव मंगळवेढा. काम, पोरीच्या फीची सवलत."

"हाजिर!"

महिबूबला नेलं. अध्यक्ष सांगत होते, सन्माननीय सदस्यांनी यादी वाचू नये, पटलावर ठेवावी. आप्पांनी पुढचं नाव वाचलं. गॅलरीतून पुढचा आवाज, पुढचा माणूस बाहेर. विरोधी बाकं वाजायला लागली आणि थोड्या वेळानं सरकारी बाकंही. मंत्री आधी हसत होते. मग मान वर करून मोजू लागले की आता किती राहिले.

"शेवंताबाई. काम, मालकाचं पेन्शन. तिसरं वरीस."

"हाजिर हाय की," शेवंताबाई म्हणाली, उठत उठत. "तवापास्नं हाजिरच हाय." मार्शल पुढं झाला तशी ती त्याला म्हणाली, "हात नगं लावूस बाबा, मी माझी जाते." सभागृहात कुणी हसलं नाही. मंत्र्यांनी चष्मा काढून ठेवला.

गॅलरीच्या त्या भागात मी एकटी उरले. आलेल्यांची नावं संपली होती. मी सुटकेचा श्वास घेतला आणि तेवढ्यात मला ती शेवटची ओळ आठवली.

"टंकलेखिका," आप्पा म्हणाले, आणि माझं संपूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट. पुढं काम लिहिलेलं नव्हतं. "काम, हे समदं लिव्हून घेनं. पद, एक एप्रिलपास्नं रद्द."

आणि त्यांनी वर पाहिलं.

रजेचा अर्ज आठवला. नसलेली मावशी आठवली. उठले तर शिस्तभंग होऊन नोकरी जाणार, बसले तर ती तशीही चाललीच होती. पण खरं सांगायचं तर हे सगळं नंतर सुचलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की खाली एक म्हातारा माणूस माझ्या उत्तराची वाट बघतोय, आणि दर शनिवारी मी त्याला जे म्हणायचं नाकारलं होतं तेच त्याला हवंय. मी उभी राहिले.

"हाजिर!"

एवढा मोठा आवाज माझ्या गळ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं. मार्शल आला आणि अगदी आदबीनं म्हणाला, "चला बाई."

बाहेर हिरवळीवर सगळे रांगेत बसले होते. भाकरी आणि चटणी निघाली होती. मला बाहेर काढलेलं पाहून त्यांनी असा काही गलका केला की पहाऱ्यावरचा हवालदार बघायला आला, आणि भाकरी घेऊन गेला. तासाभरानं आप्पा आले. आधी हाजिरी घेतली. माझं नाव आलं तेव्हा मी न सांगता "हाजिर" म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली, पण मिशीखाली हसले ते मी पाहिलं.

"आप्पा, मंत्री काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय की," आप्पा म्हणाले. "डाव्या अंगाला हुते."

मी डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी पेपरात एवढंच होतं की गॅलरीत गोंधळ झाला. प्रतोदानं आप्पांशी बोलणं टाकलं होतं, त्यामुळं विचारायची सोय नव्हती. एक एप्रिलला मी आणि चाचा ऑफिसला गेलो आणि आपण नोकरीत आहोत की नाही हे माहीत नसताना काम केलं. मस्टरवर सही करावी की नाही, ह्यावर चाचाचं मत ठाम होतं. "करो जी. मिटाना उनका काम." मी त्या दिवसापासून व्हरांड्यात येणारा प्रत्येक माणूस बारनिशीत चढवू लागले. आप्पा पुकारायचे, मी लिहायची.

मग एका शनिवारी टपालात मुंबईचे दोन लखोटे आले. पहिल्यात लिहिलं होतं की टायपिस्ट आणि शिपाई ही पदं पुढेही चालू ठेवण्यात येत आहेत. चाचानं तो मला तीनदा वाचायला लावला आणि पुन्हा स्टुलावर चढून घंटी वाजवली. दुसरा लखोटा माझ्या नावाचा होता. सदर पदावरील कर्मचाऱ्याने विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत आवाज का केला, ह्याची कारणे सात दिवसांत दाखवावीत.

साहेबांचा चेहरा उतरला. हेडक्लार्क म्हणाले, माफी मागून मोकळ्या व्हा. मी टाइपरायटरला कागद लावला आणि बसून राहिले. काय लिहायचं? आप्पा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले, काम होईपर्यंत हलायचं नाही अशा नेहमीच्या पवित्र्यात.

"खरं काय झालं त्ये लिव्ह की," ते म्हणाले. "लई लांब नगं."

मी लिहिलं. साहेबांनी वाचलं, सही केली आणि तो कागद मुंबईला गेला. त्याला आजतागायत उत्तर आलेलं नाही. पुढं मी त्याच कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. भिवंडीच्या मुलानं दुसरी मुलगी केली, तिला सुताची आवड आहे. आप्पांना पुढचं तिकीट मिळालं नाही. त्यानंतर ते शनिवारबरोबर बुधवारीही येऊ लागले.

त्या खुलाशाची कार्बन प्रत माझ्याकडं आहे. समास सरळ, एक खाडाखोड नाही. दोनच ओळी :

"माझे नाव पुकारण्यात आले.
मी हजर होते."